बाटल्या बाजूला ठेवा, आधी टब रिकामा करा

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही शिकागोजवळच्या उपनगरात राहतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला मागच्या डेकवर नवा हॉट टब बसवला, ४०० गॅलनचा. दुकानदाराने डायक्लोरचा, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीचा, दोन पौंडांचा डबा, पीएच वाढवायची पावडर, कमी करायची पावडर आणि टेस्ट स्ट्रिप दिल्या. पहिले पंधरा दिवस झकास गेले. मग पीएच सारखा वर जायला लागला. मी उतरवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. कधी जास्तच उतरतो, मग वाढवायची पावडर. नरकचतुर्दशीला मुलं तेल-उटणं लावून, अंघोळ उरकून तशीच टबमध्ये उतरली. पाहुण्यांची मुलंही होती. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं, आणि जेट लावले की वीतभर फेस. दुकानातून पाणी निवळायचं औषध, फेस मोडायचं औषध, एन्झाइम असं काय काय आणलं. आता कपाटात नऊ बाटल्या आहेत आणि डायक्लोरचा डबा अर्धा संपलाय. क्लोरीनचा वास इतका येतो की जास्तच झालंय असं वाटून चार दिवस टाकलंच नाही. धाकट्याच्या पोटावर आणि मांड्यांवर लाल पुळ्या आल्यात. सासूबाई म्हणतात, तुरटी फिरव. सासरे ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेतात. दोघांनाही गुडघ्यांसाठी टबमध्ये बसायचंय. बसू देऊ का? आणि हे पाणी ताळ्यावर कसं आणू?

– नवी टबवाली

नमस्कार,

पहिली गोष्ट, आज कोणीही त्या टबमध्ये उतरू नका. मुलं नाहीत, सासू-सासरे तर नाहीतच. जेट बंद ठेवा आणि आजी-आजोबांना टबाच्या शेजारी खुर्ची टाकूनही बसू देऊ नका. असं का, ते पुढे सांगते.

धाकट्याच्या पुळ्यांचं आधी. पोट, मांड्या, म्हणजे पोहायच्या चड्डीखाली ओलावा धरून राहतो ती जागा. टबमध्ये बसल्यावर एक-दोन दिवसांत अशा लाल, खाजऱ्या पुळ्या उठल्या तर पहिला संशय स्युडोमोनास नावाच्या जिवाणूचा येतो. क्लोरीन कमी पडलेल्या कोमट पाण्यात तो भराभर वाढतो आणि केसांच्या मुळांशी शिरतो. बहुतेक वेळा हे पुरळ काही दिवसांत आपोआप जातं, पण लहान मूल आहे, डॉक्टरांना दाखवा आणि ‘हॉट टबमध्ये बसला होता’ हे वाक्य न विसरता सांगा. पाहुण्यांच्या घरी फोन करून त्यांच्याही मुलांची चौकशी करा. संकोच वाटेल, तरी करा.

आता त्या वासाबद्दल, कारण सगळी गल्लत तिथे झाली आहे. नाकाला झोंबणारा तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, कमी पडल्याचा असतो. घाम, लघवीतला अंश, त्वचेवरचं काहीबाही यांच्यातल्या नायट्रोजनशी क्लोरीन जोडलं गेलं की क्लोरामाइन तयार होतात. ती वासाला उग्र आणि जंतू मारायला दुबळी. ज्या पाण्यात मोकळं क्लोरीन पुरेसं आहे त्याला फारसा वास येत नाही. तुम्ही वास घेऊन हात आखडता घेतलात आणि चार दिवस ते पाणी उबदार आणि उघडं पडलं. तुम्हाला दोष देत नाही, नव्या मालकांपैकी बहुतेकांना असंच वाटतं आणि दुकानात कोणी समजावून सांगत नाही.

हे पाणी दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. ओतून द्या. नऊ बाटल्यांच्या खर्चापुढे पाण्याचे पैसे काहीच नाहीत. ४०० गॅलन म्हणजे साधारण दीड हजार लिटर, आणि नळाचं गार पाणी टबाच्या तापमानाला आणायला पन्नासेक युनिट वीज लागेल. शिवाय या पाण्यात एक गोष्ट साठली आहे जी कुठल्याही बाटलीने निघत नाही, ती म्हणजे सायन्युरिक ॲसिड. डायक्लोर म्हणजे क्लोरीन अधिक हे ॲसिड. क्लोरीन वापरलं जाऊन संपतं, ॲसिड मात्र मागे राहतं. दर १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीनमागे ९ पीपीएम ॲसिड. तुमचा अर्धा डबा, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, दीड हजार लिटरमध्ये गेला असेल तर हा आकडा दीडशे पीपीएमच्या आसपास पोचला असणार. उघड्यावरच्या पोहण्याच्या तलावात उन्हाने क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून थोडं सायन्युरिक ॲसिड उपयोगी पडतं. झाकण घातलेल्या टबमध्ये त्याचं तेवढं काम नाही, आणि वाढत गेलं की ते क्लोरीनला धरून ठेवतं. स्ट्रिपवर क्लोरीन छान दिसतं, पण जंतू मरायला कितीतरी वेळ लागतो. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला तर हॉट टबमध्ये सायन्युरिक ॲसिड असलेलं क्लोरीन वापरूच नये असा आहे. पहिले पंधरा दिवस झकास आणि मग सगळं बिघडत गेलं, त्याच्यामागे हा साठा बराच असावा.

सासूबाईंच्या तुरटीबद्दल. त्यांचं निरीक्षण खरं आहे, पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ एकमेकांना चिकटून तळाशी बसतो. पण हंड्यात वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेता येतं, टबमध्ये तोच गाळ पंपाने ओढून फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसेल. तुरटी पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे पीएचला स्थिर ठेवणारा साठा, खाते आणि पीएचही खाली ओढते. आणि जंतू मारण्याचं काम तिचं नाहीच. त्यांना हे सांगताना गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते त्याची आठवण द्या. निवळणं वेगळं, निर्जंतुक होणं वेगळं, हे त्या पिढीला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

तर कामाला लागू.

पाणी सोडण्याआधी टबाच्या नळ्या आतून साफ करायच्या. जेटच्या मागे कित्येक फूट नळ्या असतात, त्यांच्या आत जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात आणि त्या थरात क्लोरीन सहजी शिरत नाही. नवा टब असला तरी कारखान्यात पाणी भरून तपासलेला असू शकतो आणि मग नळ्यांत उरलेलं ते पाणी महिनोन्‌महिने साचून राहतं. नळ्या धुवायचं औषध वेगळं मिळतं, ही दहावी बाटली मात्र घ्याच. फिल्टर बाहेर न काढता ते जुन्याच पाण्यात टाका, डब्यावर लिहिलंय तितका वेळ जेट चालू ठेवा. पृष्ठभागावर तपकिरी-करडा मळ तरंगून आला तर घाबरू नका, तो नळ्यांतून सुटून आला आहे. यावेळी झाकण उघडं, मुलं घरात.

मग ब्रेकर बंद. हे विसरू नका, रिकाम्या टबमध्ये हीटर चालू झाला तर जळतो. पाणी सोडण्याआधी त्यातलं क्लोरीन शून्यावर आलेलं असावं आणि ते कुठे सोडायचं याचा तुमच्या गावाचा नियम नगरपालिकेला विचारा. रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात सोडणं अनेक ठिकाणी चालत नाही. हे काम याच आठवड्यात, पारा शून्याच्या वर आहे तोवर करा. शिकागोच्या जानेवारीत अर्धवट रिकामा टब रात्रभर राहिला तर नळ्या गोठून फुटतात. टब आतून पुसून घ्या, झाकणाची आतली बाजूसुद्धा. तिथे ओल असते आणि सगळ्यांचं लक्ष फक्त पाण्याकडे असतं. फिल्टर नवाच टाका. एवढ्या तेलानंतर आणि पुरळानंतर जुना वाचवण्यात मला अर्थ दिसत नाही.

पहिलं भरलेलं पाणी बसायला नाही, धुवायला आहे. त्यात साधं, बिनवासाचं कपडे धुण्याचं ब्लीच टाका. लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट ६ टक्के असेल तर अर्धा लिटर, म्हणजे क्लोरीन २० पीपीएमच्या आसपास जाईल. ‘शिंतोडे उडत नाहीत’ अशी जाहिरात असलेलं दाट ब्लीच किंवा सुगंधी ब्लीच नको, त्यात फेस आणणारी द्रव्यं असतात. झाकण उघडं ठेवून पाणी काही तास फिरू द्या, जेटसकट, आणि तेवढा वेळ तिथे कोणी थांबू नका. क्लोरीन उतरलं की हेही पाणी सोडा आणि दुसऱ्यांदा भरा. दोनदा भरायचं म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असेल याची मला कल्पना आहे, पण सासऱ्यांना त्यात बसवायचं आहे ना? मग हा एक दिवस द्या.

आता तुमचा रोजचा छळ, तो पीएच.

तुम्ही पीएचच्या मागे धावत होतात आणि खरं सूत्र अल्कलिनिटीच्या हातात होतं. अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा. तो पीएचला एकदम उड्या मारू देत नाही. पण जेट हवा मिसळतात तेव्हा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि त्याबरोबर पीएच चढतो, तुम्ही काहीही टाकलं नसलं तरी. साठा जितका मोठा, तितका तो जोरात चढतो. म्हणून तलावांसाठी सांगितलेला ८० ते १२० पीपीएमचा आकडा हॉट टबला बऱ्याचदा जास्त पडतो, विशेषतः जेट खूप चालणाऱ्या घरात. तुम्ही मधूनमधून टाकत होतात ती पीएच वाढवायची पावडर बहुधा सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. ती पीएच चढवते आणि अल्कलिनिटीही. म्हणजे प्रत्येक वेळी पुढच्या चढणीची सोय तुम्हीच करून ठेवत होतात. ती पावडर कपाटाच्या मागे ढकला, तुमच्या घरी तिची गरज क्वचितच पडेल.

तुमच्याकडे मिशिगन सरोवराचं पाणी येत असेल तर नळाच्या पाण्याची अल्कलिनिटी १०० च्या आसपास आणि हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, १४० च्या आसपास असेल. हार्डनेस टबासाठी ठीक आहे, १५० ते २५० मध्ये ठेवायला सांगतात, तुम्ही काठावर आहात, तिला हात लावू नका. घरात पाणी मऊ करायचं यंत्र असेल तर मात्र टब त्या पाण्याने भरू नका, बाहेरच्या नळाला ते जोडलेलं नाही ना ते बघा. फार मऊ पाणी जास्त फेसाळतं. अल्कलिनिटी मात्र ६० ते ७० वर आणायची. त्यासाठी पीएच कमी करायची पावडर, सोडियम बायसल्फेट, एका वेळी १५-२० ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून टाका. पीएच ७.२ ला आला की थांबा. मग जेटची हवा पूर्ण उघडून पाणी खळखळू द्या, पीएच आपोआप ७.६ च्या वर येईल. पुन्हा थोडी पावडर. तुमच्या टबमध्ये अल्कलिनिटी १० ने उतरायला एकूण ३५ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे १०० वरून ७० ला यायला शंभर-एक ग्रॅम, दोन-तीन दिवसांत विभागून. घाईने सगळी एकदम टाकलीत तर पीएच कोसळेल आणि हीटरचा धातू खाल्ला जाईल. चुकून अल्कलिनिटी फारच खाली गेली तर स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा आहेच, २५ ग्रॅमला १० पीपीएम.

हे एकदा जमलं की पीएच ७.४ ते ७.८ मध्ये दिवस-दिवस टिकतो. त्या आकड्याला महत्त्व एवढ्यासाठी की तोच क्लोरीनची धार ठरवतो. पीएच ७.५ च्या आसपास क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ च्या वर गेला की पाव भागही धड राहत नाही. ७.५ चे ७.६ झाले म्हणून पावडरीचा डबा उघडायचा नाही. मी तर म्हणेन ७.८ पर्यंत बघत बसा.

क्लोरीन किती? बसायच्या आधी किमान ३ पीपीएम, घरी ३ ते ५ मध्ये ठेवा. ६ टक्क्यांच्या ब्लीचचे २५ मिली तुमच्या टबमध्ये १ पीपीएम वाढवतात. कोणी बसलं नाही तरी रोज तपासायचं आणि कमी पडलं तेवढं टाकायचं. बसून झाल्यावर मात्र मोठा हप्ता लागतो. एक माणूस तासभर बसला तर त्याच्यामागे साधारण दीडशे मिली, असा ढोबळ हिशेब आहे. दोघं अर्धा तास बसलात तर तेवढंच. उठल्या उठल्या टाका, सकाळी तपासा. सकाळी ३ च्या खाली दिसलं तर पुढच्या वेळी जास्त, ८ दिसलं तर कमी. आठवडाभरात तुमच्या घराचा आकडा तुम्हाला पाठ होईल. टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटं पंप चालू आणि झाकण उघडं. बंद केलंत तर वाफांनी झाकण आणि उशा दोन्ही खराब होतात.

दुकानदार ट्रायक्लोरची वडी तरंगत्या डबीत सोडायला सांगेल, सोय म्हणून. नको. तीही सायन्युरिक ॲसिड साठवते, फार आम्लधर्मी असते आणि टबाच्या कवचाला टेकून राहिली तर तिथे डाग पाडते. ब्रोमिन चांगला पर्याय आहे, वासाला सौम्य, पण आता शिकताय ते एकच नीट शिका.

स्ट्रिप टाकून द्या असं म्हणत नाही, पण त्यांच्या भरवशावर रसायनं ओतू नका. दोन गुलाबी छटांमधला फरक डेकवरच्या पिवळ्या दिव्यात कोणालाच कळत नाही. थेंब मोजून तपासायचा संच घ्या. त्यात पाण्याच्या नमुन्यात पावडर टाकली की तो गुलाबी होतो, मग एकेक थेंब टाकत हलवत राहायचं, ज्या थेंबाला गुलाबी रंग सटकन जाऊन पाणी स्वच्छ होतं तिथपर्यंतचे थेंब मोजायचे, आणि संचावर दिल्याप्रमाणे त्यावरून तुमचा आकडा काढायचा. यात अंदाज नाही, मोजणी आहे. टेलर कंपनीचा के-२००६ संच यासाठी बराच वापरला जातो. एक खाचखळगा लक्षात ठेवा: क्लोरीन खूप चढलेलं असताना पीएचचा लाल रंग जांभळा दिसतो आणि पीएच भलताच जास्त वाटतो. क्लोरीन १० च्या वर असताना पीएच तपासायचाच नाही. तुमच्या ‘कधी जास्तच उतरतो’ या वाक्यामागे हे एखाददा झालं असेल.

फेसाचं कारण तुमच्या पत्रातच आहे. अभ्यंगाचं तेल एका अंघोळीत पूर्ण जात नाही, केसांतलं तर नाहीच. त्यावर साबण-शांपूचा अंश, लोशन, आणि पोहायच्या कपड्यांत राहिलेली धुण्याची पावडर. दिवाळीला अभ्यंग जरूर करा, टब दुसऱ्या दिवशी. इतर वेळी उतरण्याआधी साबण लावून नीट शॉवर, केस वर बांधलेले, टिकली काढलेली, आणि टबचे कपडे नुसत्या पाण्यात खळबळलेले, पावडर नाही. एवढ्याने फेस मोडायच्या औषधाची गरज उरत नाही. फिल्टर दर आठवड्याला घड्या उघडून पाइपच्या पाण्याने धुवा, महिन्यातून एकदा फिल्टरच्या द्रावणात भिजत घाला. भांड्यांच्या साबणाने धुवू नका, तो पुन्हा टबातच येतो.

पाणी कधी बदलायचं याचं एक साधं गणित आहे: गॅलनला ३ ने भागा, मग रोज बसणाऱ्यांच्या संख्येने भागा. रोज दोघं बसलात तर ४०० चे ६७ दिवस. सासू-सासरे धरून चौघं बसू लागलात तर ३३. थंडी कडाक्याची पडायच्या आधी एकदा बदलून घ्या म्हणजे जानेवारी निभावेल.

ब्लीच आणि पीएच कमी करायची पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. एक टाकलं की पाणी फिरू द्या, दुसरं अर्ध्या तासाने. उरलेला डायक्लोर गॅरेजमध्ये, कोरड्या जागी, मूळ डब्यातच, कुलुपात. जुन्या लोणच्याच्या बरणीत काढून ठेवायची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते. आणि नेहमी पाण्यात रसायन, रसायनावर पाणी नाही.

आता खुर्चीचं कारण. लिजिओनेला नावाचा जिवाणू २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो, म्हणजे नेमकं टबाचं तापमान. तो पाणी पिऊन लागत नाही, जेटने उडालेल्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. १९९९ साली नेदरलंड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडून ठेवलेल्या व्हर्लपूलमुळे, म्हणजे अशाच जेटच्या टबमुळे, साथ पसरली आणि किमान ३२ माणसं गेली. २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जत्रेतही साथीचा माग हॉट टबांच्या मांडणीपर्यंत पोचला. १३० हून जास्त लोक आजारी पडले, ४ दगावले. हे लोक टबमध्ये बसलेले नव्हते, बाजूने चालत गेले होते. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान केलेले, फुप्फुसाचा जुना आजार असलेले यांना धोका जास्त. तुमच्या सासू-सासऱ्यांपैकी कोणाला पुढच्या दोन आठवड्यांत ताप आणि खोकला आला तर सर्दी म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांना टबाचं सांगा.

टब नव्याने भरून, सलग आठवडाभर रोज क्लोरीन ३ च्या खाली गेलं नाही आणि पीएच स्थिर राहिला, की मग त्यांचा विचार करा. सासऱ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, गोळ्यांचाही परिणाम तोच, आणि उठून उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. डॉक्टर हो म्हणाले तर पाणी १०० अंश फॅरेनहाइटच्या वर नको. धडधाकट माणसालाही १०४ च्या वर नसतं. वेळ दहा मिनिटं, छाती पाण्याच्या वर, जवळ कोणीतरी, आणि उतरता-चढताना हाताला धरायला कठडा. डेकवर बर्फ असेल त्या दिवशी नाही. गुडघ्यांना ऊब मिळायला एवढं पुरतं. धाकटा पाच वर्षांच्या आत असेल तर त्याला टब नकोच, पाण्याची प्रत कितीही चांगली असली तरी.

एक वही झाकणाच्या कडीला बांधून ठेवा: तारीख, मोकळं क्लोरीन, पीएच, काय टाकलं, कितीजण बसले. अल्कलिनिटी आठवड्यातून एकदा. पहिल्या दहा दिवसांचं पान मला पाठवा, मी बघून सांगते.

– ताई